हैदराबादचा हाल्ट

दूध उतू गेलं की आमची आई तेलुगूत बोलायची. "अय्यो!" पासून सुरुवात, मग भराभरा कायकाय, आणि गॅस बंद झाला की पुन्हा मराठी. स्वेटरचे टाकेसुद्धा ती तेलुगूतच मोजायची, ओकटि, रेंडु, मूडु, ओठातल्या ओठात. एरवी चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तिचं तेलुगू बंद असे. आई सिरोंच्याची, गोदावरीकाठची. बाबा मूल गावाकडचे. धंदा दोन्हीकडे जाळ्याचाच, पण बाबांचे लोक तलावात मासोळी धरणारे आणि आईचे नदीत. बाबांची आई नदीची मासोळी मिटक्या मारत खायची आणि वर म्हणायची, "मासोळी चांगली आहे व माय, पण तुमचं ते यंडुगुंडू आमच्या घरी नोको. पोट्ट्याइच्या जिभा वाकड्या होतीन." ती म्हातारी गेली, तरी आईनं काही तेलुगू बाहेर काढलं नाही. सवयच मोडली होती म्हणा. आम्हा तिघा भावंडांना तर आपली आई थोडी मुकी आहे असंच वाटायचं. कुणी काही विचारलं तर ती पदराशी चाळा करत हसायची आणि तिच्या वतीनं उत्तर मी द्यायची. मी थोरली, दहावीची परीक्षा दिलेली, आणि तोंडानं पहिल्यापासून फाटकी.

त्या उन्हाळ्यात बाबा घरी नव्हते. विजेच्या प्लांटात ते ऑपरेटर होते, आणि कंपनीनं त्यांना सहा महिने कोचीनला कसल्याशा ट्रेनिंगला पाठवलं होतं. ते गेल्यावर घर विचित्रच झालं. शिफ्टचा भोंगा झाला तरी कुणी डबा मागेना, कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली तरी कुणी उतरेना. वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेची तीच बारीक भुकटी बसायची आणि आई तेच कपडे पुन्हा झटकायची. माझा भाऊ गुड्डू सात वर्षांचा, बहीण सोनी पाचाची. दोघं मिळून आईचा जीव खात होती. अशात शेजारच्या काकूंच्या फोनवर बाबांचा निरोप आला, की सुट्टीत तुम्ही इकडं या आणि विमानानं या. तेव्हा नुकतीच स्वस्त विमानं निघाली होती. स्वस्त म्हणजे काय, तर सरळ नेत नव्हती. नागपुरातून सकाळी हैदराबाद, तिथं दिवसभर बसायचं, आणि संध्याकाळी दुसरं विमान कोचीनचं. बाबा त्याला हाल्ट म्हणत. "हाल्ट मोठा आहे," त्यांनी फोनवर आईला बजावलं. "काचेच्या आतच राह्यजो. बाहेर पाय टाकला का मंग आत घेत नाईत, ध्यानात ठेव." आईनं "हाव" म्हणून फोन ठेवला. पण काकूंच्या पायऱ्या उतरताना तिचा चेहरा असा फुलला होता, की मी विचारलंच, "काय झालं व?" तर म्हणाली, "हैदराबादले तुही मोठी आई राह्यते ना!"

मोठी आई म्हणजे आईची एकुलती एक बहीण. नवरा गवंडी, त्याच्यामागं ती हैदराबादला गेलेली. दोघींची भेट व्हायची ती सिरोंच्याला, माहेरी; बाबांची आई मला तिकडं पाठवत नसे, म्हणून आई एकटीच जायची. मग आजोबा गेले, पाठोपाठ तिकडची आजी गेली, घर पडलं तसं पडलं. माहेरच उरलं नाही तर बहिणींनी भेटायचं तरी कुठं? भांडण नाही, तंटा नाही, आणि तरी सोनीच्या जन्माआधीपासून दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. हे सगळं आईनं मला त्या दिवशी रस्त्यात उभं राहून सांगितलं. एवढं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. आता तिला एकच ध्यास लागला, की त्या हाल्टमध्ये अक्काला डोळ्यांनी पाहायचं. बाबांना यातलं काही सांगायचं नाही, ते घाबरट. दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन गेटजवळच्या एसटीडीवाल्याकडे गेली. मोठ्या आईच्या घराशेजारी एक किराणा दुकान होतं, त्याचा नंबर तिच्याजवळ होता. काचेच्या खोक्यात उभी राहून ती तेलुगूत ओरडून ओरडून बोलली. मला त्यातलं विमान, बेस्तवार म्हणजे गुरुवार, आणि सुशीला एवढंच कळलं. दुकानदारानं "चेप्त" म्हटलं, म्हणजे सांगतो. सांगितलं की नाही, ते कळायला काही मार्ग नव्हता.

विमानात बसल्याचं मी इथं वर्णन करत नाही, कारण सोनीला सगळं विमानभर उलटी येऊन राह्यली होती आणि मी तेच बघत होते. हैदराबादला उतरलो. दुसऱ्या विमानाच्या तिकीटखिडकीवर बोर्डिंगच्या चिठ्ठ्या घेतल्या आणि भल्यामोठ्या हॉलमध्ये काचेच्या भिंतीला लागून चार खुर्च्या धरल्या. काचेच्या पल्याड रस्ता, गाड्या, माणसांची झुंबड. आईनं खुर्ची बाहेरच्या बाजूला वळवून घेतली. येणाऱ्या प्रत्येक बाईकडे ती मान पुढं काढून बघायची आणि नाही म्हणून मागं टेकायची. इकडं गुड्डूला सामानाची ढकलगाडी सापडली. तिची त्यानं एसटी केली. सोनीला वर बसवलं, शिट्टी तोंडानंच वाजवली, आणि "चला चांदा, बल्लारशा, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, सिरोंचाऽऽ" करत हॉलभर फेऱ्या सुरू केल्या. प्रत्येक खांब म्हणजे एक स्टॉप. मी आधी लाजेनं अर्धी झाले. पण टाय लावलेला एक जाडा साहेब वर्तमानपत्र खाली करून त्याला म्हणाला, "एक टिकट दे दो भाई," तर हा म्हणतो, "कुठी जाता? आलापल्लीच्या पुढं उभं राहून जा लागते!" साहेबाला मराठी कळलं नसावं, पण तो उठून उभा राहिला आणि दोन खांब गाडीमागून चालत आला. मग मीही लाज सोडली. मुतारीत हात वाळवायचं यंत्र होतं, हात खाली धरला की गरम वारा. तिथं आम्ही तिघांनी तोंडं धुतली, केस ओले केले आणि त्या वाऱ्याखाली वाळवले. एक बाई म्हणाली, "ये हेयर ड्रायर नहीं है." मी म्हटलं, "मालूम है," आणि सोनीचं डोकं खाली धरलं. आता माझ्या चष्म्याला दोन नंबर आहेत आणि विमानात बसायचं कौतुक संपलंय, पण विमानतळावर ते यंत्र दिसलं की हात अजून शिवशिवतात.

दुपारी भुका लागल्या. आईनं गाठोडं सोडलं. तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, लाखोळीच्या डाळीचे वडे होते, आणि बाबांसाठी नेत असलेली सुक्या झिंग्यांची चटणी. ती उघडायची नव्हती. गुड्डूनं उघडली. अहाहा! सगळ्या गारेगार हॉलमध्ये आमच्या घरचा वास भरला. शेजारची दोन माणसं रुमाल नाकाला लावून उठून गेली. आणि त्यांच्या अगदी उलट दिशेनं, लांबदांडी झाडू ढकलत, निळ्या कोटातली एक झाडूवाली बाई नाक वर करून सरळ आमच्याकडे चालत आली. "रोय्यलु?" तिनं विचारलं. रोय्यलु म्हणजे झिंगे, हे मला तिच्या डोळ्यांवरूनच कळलं. आईनं वड्यावर चटणी ठेवून तिच्या हातावर दिली. बाईनं खाल्लं, डोळे मिटले, आणि दोघी सुरू झाल्या. देवा रे देवा! आमची मुकी आई! हातवारे करून, मांडीवर थापा मारून, खदाखदा हसत ती बोलत होती. गुड्डू माझ्या कानात म्हणाला, "ताई, आई बिघडली का व?"

बाईचं नाव यादम्मा. तिनं प्रेमानं सोनीची हनुवटी धरली आणि विचारलं, "नी पेरेंदि, बिड्डा?" सोनीनं दोन्ही हात उलटे करून दाखवले. "नाई आहे माह्याजवळ." यादम्मानं पुन्हा विचारलं, "पेरु, पेरु!" आता सोनी रडकुंडीला आली. "नाई ना व! आई, पाय ना, हे बाई मले पेरू मागून राह्यली. मी नाई घेतला तिचा पेरू!" आमच्याकडे झाडाच्या त्या फळाला जाम म्हणतात, पण बालवाडीच्या तक्त्यावर चित्राखाली पेरू असं छापलेलं होतं आणि सोनी तक्ता शिकलेली. आई हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. तिनं यादम्माला मराठीतला पेरू समजावून सांगितला, तशी तीही झाडूच्या दांडीला धरून हसायला लागली. "अव बयताड," आई सोनीला म्हणाली, "तेलगूत पेरु म्हंजे नाव. तुहं नाव पुसून राह्यली ते." सोनीनं नाक पुसून नाव सांगितलं. गुड्डूनं सांगितलं. मी सांगितलं. मग यादम्मा आईकडे वळली, "मरि नीदि?" म्हणजे आणि तुझं? आई हसतच म्हणाली, "सुशीला." आणि म्हणता म्हणता तिचं हसू तिथंच थांबलं. चेहरा उतरला. तिनं माझं मनगट धरलं.

"अव माय व! फोनवर मी नाव कोणतं सांगतलं?"

"सुशीला. का बरं?"

"मेली मी! अक्काले काय मालूम सुशीला कोण होय ते?"

मला काही कळेना. तेव्हा तिथं, त्या खुर्चीवर, माझ्या पंधरा-सोळा वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा मला समजलं की माझ्या आईचं नाव पोसक्का आहे. पोसम्मा ही त्यांच्या गावची देवी, तिच्यावरून ठेवलेलं. लग्नात बाबांच्या घरी ताटात तांदूळ पसरून त्यावर सुशीला लिहिलं, आणि पोसक्का त्या दिवशी मिटली. शिधापत्रिकेवर सुशीला, विमानाच्या तिकिटावर सुशीला. इतकी वर्षं तेच ऐकून ऐकून, स्वतःच्या बहिणीला निरोप धाडतानाही तिच्या तोंडून तेच निघालं. दुकानदार बिचारा सांगणार काय, तर चांद्याहून, म्हणजे चंद्रपूरहून, कुणी सुशीला येतेय. मोठ्या आईला जन्मात सुशीला नावाची बहीण नव्हती. आईनं कपाळावर हात मारला. "आता कायले येते ते! कोणाची सुशीला, कोठची सुशीला!" तिच्या डोळ्यांत पाणी भरलं. मलाही रडू आलं, आणि खरं सांगते, रागही आला. कोणावर ते तेव्हा कळलं नाही. आज कळतं. त्या तांदळाच्या ताटावर.

यादम्मा मात्र झाडू तिथंच टेकवून निघाली. बाहेर जायला यायला तिला मोकळीक होती. आम्ही काचेला नाक लावून बसलो. निळा कोट गर्दीत शिरला, या बाईजवळ थांबला, त्या बाईजवळ वाकला, मग दिसेनासा झाला. गुड्डूची एसटी बंद पडली होती. बऱ्याच वेळानं यादम्मा धापा टाकत आली आणि आईला काहीतरी म्हणाली. आई उठून उभी राहिली ती तशीच. मोटारी लावायच्या जागेपाशी कडुनिंबाखाली एक म्हातारीशी बाई सकाळपासून पिशवी धरून बसली आहे, असं यादम्मा सांगत होती. ती दारावरच्या शिपायाला पुन्हापुन्हा विचारतेय, आमची पोसक्का आली का? आणि शिपाई यादीत बघून सांगतोय, पोसक्का नावाची बाई कोणत्याच विमानात नाही.

आली होती! मोठी आई आली होती! पण आता पुढं काय? आईनं काचेवर थापा मारल्या, तेवढ्या लांबून कुणाला ऐकू जाणार! ती दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी थबकली. बाहेर पाय टाकला की आत घेत नाहीत. विमान चुकलं तर तीन लेकरं घेऊन परक्या गावात. तिकडं बाबा कोचीनच्या दारात उभे. ती एकदा आमच्याकडे बघे, एकदा त्या कडुनिंबाकडे. तिच्या हाताची बोटं टाके मोजल्यासारखी हलत होती. मग तिनं पदर कमरेला खोचला. "चला रे पोट्टेहो," ती म्हणाली. "विमान गेलं तं जाऊ द्या. विमानं लय आहेत." असं म्हणून तिनं सोनीला काखेत मारली आणि दाराबाहेर पाय टाकला. शिपाई म्हणाला, "अम्मा, टिकट संभालके रखो, दिखाएंगे तो वापस आने देंगे." म्हणजे बाबांचा कायदा निव्वळ बाबांचाच होता! आईनं ते ऐकलं की नाही कोण जाणे, मी गाठोडं उचलेस्तोवर ती निम्म्या रस्त्यात पोचली होती.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. आईनं धावता धावता हाक मारली, "अक्काऽऽ!" आता हैदराबादेत अक्का म्हणून हाक मारल्यावर काय होणार? पाच-सहा बाया एकदम वळल्या. एक फुगेवाली, एक नवरीसारखी नटलेली, एक चक्क पोलिसीण. कडुनिंबाखालची तेवढी वळली नाही, ती पिशवीतलं काहीतरी मुंग्यांपासून वाचवत होती. "अक्काऽऽ! नेनु, पोसक्कानि!" मी गं, पोसक्का, असं आई ओरडली. मग ती बाई वळली. पिशवी पडली. "याडिकि पोयिनवे, पोसक्काऽऽ!" कुठं गेली होतीस गं, एवढंच ती म्हणत होती, पुन्हापुन्हा तेच, आणि आई म्हणत होती, "वच्चिन अक्का, वच्चिन!" आले गं, आले. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून भर रस्त्यात अशा रडल्या की एक रिक्षा त्यांच्यासाठी थांबली आणि हॉर्न न वाजवता थांबूनच राहिली. पोलिसीणसुद्धा डोळे पुसत होती.

मग त्या झाडाखाली आमचा खरा हाल्ट झाला. मोठ्या आईनं ज्वारीच्या भाकरी आणल्या होत्या आणि चिंचेच्या कोळातलं मुरेल मासोळीचं कालवण, डब्याला कापड घट्ट बांधून, सांडू नये म्हणून. आमच्या पुऱ्या, त्यांच्या भाकरी, सगळं एकत्र झालं. यादम्मा सुट्टी घेऊन येऊन बसली. मोठी आई आम्हाला एकेकाला ओढून पोटाशी धरी, कानशिलावर बोटं मोडी आणि तेलुगूत काहीबाही विचारी. आम्ही नुसते माना डोलवायचो आणि खायचो. आईनं तिला विचारलं, आणि मग मला मराठीत सांगितलं, की निरोप तर सुशीलाचा मिळाला, मग अक्का तू आलीस कशी? तर मोठी आई तोंडातला घास न गिळताच म्हणाली होती, "नाव काही का असेना. चांद्याहून माझ्यासाठी फोन करणारी दुसरी कोण आहे?" संध्याकाळ होईस्तोवर दोघी बोलत होत्या. बालपणीची होडी, पूर, कोण गेलं, कोणाला लेकरं झाली. सोनी मोठ्या आईच्या मांडीवर झोपली. मी त्या बोलण्यातलं अक्षर न कळता ऐकत बसले आणि मला वाटलं, ही बाई मला आवडतेय. आपल्या आईची अशी नव्यानं ओळख होणं सगळ्यांच्या नशिबी नसतं, मला ते सुख मिळालं.

निघताना रडणं नाही झालं. दोघींनी ठरवूनच टाकलं होतं, की माहेर नसलं तर नसो, आता दरवर्षी एकीनं दुसरीकडे यायचं. आणि ते त्यांनी पाळलं. मोठी आई अजून आहे, आणि चंद्रपूरला येते तेव्हा दोघींच्या गप्पांपायी आम्हाला टीव्ही बंद ठेवावा लागतो. त्या दिवशी शिपायानं तिकिटं पाहिली आणि खरोखरच आत घेतलं. विमानात मुलं लगेच झोपली. आई मात्र खिडकीशी बसून हलक्या आवाजात कसलंसं तेलुगू गाणं म्हणत होती, टाके नव्हती मोजत.

कोचीनला बाबा कठड्याला लागून उभे होते. आम्हाला बघताच त्यांचा जीव भांड्यात पडला. "दिवसभर इतल्या पोट्ट्याइले घेऊन काय केलं व?" त्यांनी विचारलं. आईनं मला डोळ्यानं दटावलं, गुड्डूचा हात दाबला. पण सोनीला कोण दाबणार? ती बाबांच्या खांद्यावर चढून म्हणाली, "आमी झाडाखाली जेवलो. पोसक्कासंगं!"

"कोण पोसक्का?"

बाबांना खरंच आठवेना. लग्नाच्या दिवशी एकदा ऐकलेलं नाव, ते त्यांच्या डोक्यातून केव्हाच निघून गेलं होतं. आई पुढं झाली. पदराशी चाळा न करता, सगळ्या माणसांत, खणखणीत आवाजात म्हणाली, "मी. मी होय पोसक्का."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मग मिशीत हसले. "बापा! अन् मंग माही सुशीला कुठी गेली?"

"ते?" आई म्हणाली आणि सोनीला त्यांच्या खांद्यावरून स्वतःकडे घेतलं. "ते येऊन राह्यली मांगच्या विमानानं. तिचा हाल्ट मोठा आहे."